वर आल्यावरची ३० सेकंदं

माझा चुलतभाऊ वर आला होता. डोकं पाण्याबाहेर, तोंडातला स्नॉर्केल काढलेला. बोटांचं गोल करून 'बरो आसंय' अशी खूणही केली त्याने. मी होडीकडे वळणारच होतो. दहाएक सेकंद गेली असतील, त्याची मान पुढे कलली आणि तोंड पाण्यात गेलं. झोपलेलं पोर बापाच्या खांद्यावर मान टाकतं, तितक्या सहज. ना हातपाय मारणं, ना ओरडणं.

तो १४ मीटरवर, टाकीशिवाय एका दमात, कपारीतला गोबरा मासा ओढत बसला होता. मी वळलो असतो तर आज हे लिहीत नसतो.

आम्ही मालवणची पोरं. बुडी मारायला आम्हाला कुणी शिकवत नाही. खडपावरचे शिनाणे, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढता काढता येते. आता मी ऑक्टोबर ते मे पर्यटकांना स्कूबाला, म्हणजे हवेची टाकी लावून बुडी मारायला, नेतो, आणि दरवर्षी कुणीतरी नवा पोरगा मास्क, पायात घालायच्या लांब फिन्स आणि भाला मारायची बंदूक घेऊन येतो: दादा, एका दमात मासा मारायला शिकव. त्याला पहिले दोन दिवस मी बंदुकीला हात लावू देत नाही. त्या दोन दिवसांत जे सांगतो ते हे.

पाण्याखाली छाती फुटायला येते, पोटाला हिसके बसतात. ते ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला म्हणून. ऑक्सिजन किती उरला हे सांगणारी घंटा शरीरात जवळजवळ नाहीच. त्यामुळे 'मला माझं कळतं' या वाक्याला पाण्यात काडीचीही किंमत नाही.

म्हणून उतरण्यापूर्वी भस्त्रिका नको, कपालभाती नको. हल्ली हे फार बघतो. होडीच्या काठावर बसून पोरं भात्यासारखी घुसळत असतात आणि दम वाढला म्हणून खूश होतात. साध्या श्वासातही रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनने ९७-९८ टक्के भरलेलंच असतं, घुसळून त्यात फारशी भर पडत नाही. धुऊन जातो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे होती ती एक घंटाही काढून ठेवली. विहिरीत किंवा तरणतलावात 'कोण जास्त वेळ खाली राहतो' अशी पैज लागते, तिथे चांगली पोहणारी मुलं बुडतात ती बहुधा अशीच. दोन मिनिटं पोटाने संथ श्वास घ्या, शेवटचा एक पूर्ण भरा आणि जा. बोटांना मुंग्या आल्या किंवा ओठ बधिर वाटले तर जास्त झालं. ती बुडी सोडून द्या.

आता वर येतानाचा हिशेब. हा मी वाळूत काडीने काढून दाखवतो, कारण तोंडी सांगितलेला कुणाला पटत नाही. पृष्ठभागावर दाब १, १० मीटरवर २, २० मीटरवर ३. समजा २० मीटरवर तुमच्या फुप्फुसातला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ७ वर उतरला. पण दाब तिप्पट आहे: सात त्रिक एकवीस. मेंदूला वाटतं, आपण किनाऱ्यावर बसलोय. तसेच वर या. दाब १, ऑक्सिजन ७, आणि दिवा गेला. खाली मजेत असलेला माणूस शेवटच्या १० मीटरमध्ये किंवा वर येऊन श्वास घेतल्यावरही बेशुद्ध होतो तो यामुळे. घेतलेल्या श्वासातला ऑक्सिजन मेंदूपर्यंत पोचायला काही सेकंद लागतात, तेवढ्यात उशीर होतो.

तेव्हा नियम असा: एक खाली, एक वर. दोघांनी एकदम बुडी मारायची नाही. खालचा वर येऊ लागला की वरच्याने शेवटच्या १० मीटरला त्याला सामोरं जायचं, आणि तो वर आल्यावर ३० सेकंदं त्याच्या चेहऱ्यावरून नजर काढायची नाही. मासा केवढा, हे नंतर. वर येणाऱ्याने सगळी हवा भसकन सोडून द्यायची नाही. थोडी सोडा, झटकन भरून घ्या, क्षणभर धरा, पुन्हा तेच, तीन-चार वेळा. पुढची बुडी लगेच नको. दीड मिनिट खाली होतात तर किमान तीन मिनिटं वर, खोल गेला असाल तर आणखी.

कमरेला बांधायच्या शिशाच्या पट्ट्याबद्दल थोडक्यात. १० मीटरवर तुम्ही ना वर ना खाली, इतकंच शिसं बांधा. पृष्ठभागावर सगळा श्वास सोडूनही तरंगता आलं पाहिजे. पट्टा सगळ्यांच्या वरून बांधलेला, एका हाताने सुटेल असा.

बंदूक हातात आली की मात्र माणूस बदलतो. नुसता खाली जाणारा स्वतःकडे लक्ष ठेवतो, मासेवाला माशाकडे. पाठलागात मांड्या ऑक्सिजन खातात, कपारीतला गोबरा ओढताना तर विचारूच नका. बंदुकीची दोरी मनगटाला कधीही बांधू नका, वर तरंगणाऱ्या बोयाला बांधा. मासा कपारीत घुसला की बंदूक तिथेच सोडायची, वर येऊन दम घ्यायचा, पुढच्या बुडीत बघायचं. परतायची वेळ खाली जाण्याआधी ठरवा. आणि मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. तिथे बंदूक न्यायचीच नाही.

कान दर मीटरला मोकळे करा, दुखायची वाट बघू नका. नाक दाबून जोराने फुंकणाऱ्यांचे पडदे फाटतात. थंड पाणी आत शिरलं की असं गरगरतं की वर कुठे, खाली कुठे कळत नाही. सर्दी असेल तर घरी बसा, गोळी घेऊन येऊ नका. गोळीचा असर पाण्याखाली उतरला तर वर येताना हवा कानात अडकते. पोहण्याचा गॉगल चालत नाही, कारण त्यात नाकाने हवा सोडता येत नाही आणि डोळे लाल होतात.

३० मीटरच्या आसपास फुप्फुसं दाबून चौथाई उरतात. आपण तितके खोल जात नाही, पण खाली मान मागे ताणली, हात झटकन वर नेला तर कमी खोलीवरही इजा होते. खोकला, छातीत जडपणा, थुंकीत रक्त यातलं काहीही दिसलं तर बुड्या बंद, डॉक्टरकडे. निकोलस मेवोली हा एका दमात खोल बुडी मारणारा अमेरिकन २०१३ मध्ये बहामातल्या डीन्स ब्लू होल या समुद्रातल्या खोल विवरात फिन्सशिवाय ७२ मीटरवर जाऊन स्वतःच्या पायाने वर आला, आणि थोड्याच वेळात कोसळला. तो वाचला नाही.

आमच्या स्कूबा गाइड मंडळींसाठी एक वेगळं. दिवसभर टाकी लावून काम केलंत तर संध्याकाळी 'चल, एक दमाची मारू' नको. रक्तात नायट्रोजन शिल्लक असतो. टाकीशिवायही तो साठतो: पॅसिफिकमधल्या तुआमोतू बेटांवरचे मोती काढणारे तासन्‌तास खोल बुड्या मारायचे, त्यांना चक्कर, लकवा, कधी मृत्यू येई. त्याला ते 'तारावाना' म्हणत. जवळच्या मांगारेवा बेटावरचे लोक दोन बुड्यांमध्ये १० मिनिटांहून जास्त थांबत, त्यांच्यात हा रोग नव्हता.

आता जोडीदार बेशुद्ध झाला तर. पाण्याखाली असेल तर एका हाताने तोंड आणि मास्क दाबून धरा, शिसं सोडा, वर आणा. वर आल्यावर तोंड पाण्याबाहेर, मास्क काढा, डोळ्यांखाली गालावर फुंकर मारा, हलकी थाप द्या, नाव घेऊन 'श्वास घे' म्हणा. बहुतेक वेळा एवढ्यानेच दम येतो. १० सेकंदांत नाही आला तर तोंडाने दोन श्वास द्या आणि होडीकडे ओढा. छाती दाबणं होडीत घेतल्यावरच जमतं.

भाऊ तिसऱ्या फुंकरीला खोकला. डोळे उघडून म्हणाला, "मासो खय गेलो?" आपण बेशुद्ध झालो होतो हे त्याला पटेना, मीच चेष्टा करतोय म्हणून चिडला. हे असंच होतं, मधला वेळ त्यांच्या लेखी नसतोच. त्यामुळे 'मी बरो आसंय' यावर विश्वास ठेवू नका. त्या दिवशी त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं नाही, आणि पाणी छातीत गेलं असेल तर तो कितीही हसत असला तरी दवाखान्यात न्यायचं, कारण श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होतो. मी भावाला तसाच ओल्या कपड्यांत रिक्षात घातला. वाटेत तो गोबऱ्याचं वजन किती असेल यावर वाद घालत होता.