तिकिटावरच्या वेळांची थेट वजाबाकी नको

विमानप्रवासाचं अंतर सपाट नकाशावर मोजू नका. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की जवळचा मार्ग दिसतो. किलोमीटरला 850 ने, म्हणजे विमानाच्या साधारण ताशी वेगाने भागा, धावपट्टी गाठणं आणि चढ-उतार यांसाठी अर्धा तास मिळवा. लंडन हीथ्रो ते न्यूयॉर्क जेएफके साधारण 5,540 किमी, म्हणजे सात तास. प्रत्यक्षात जाताना आठच्या आसपास लागतात, परतताना तासभर कमी, कारण उंचावरचे जेट प्रवाह, म्हणजे वेगवान वाऱ्यांचे पट्टे, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात; हिवाळ्यात तर जोरातच.

खरी गफलत होते ती वेळ काढताना. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिक असतात. लंडनहून 11:00 ला निघून न्यूयॉर्कला 14:00 ला पोहोचणारं विमान तीन नव्हे, आठ तास उडतं, कारण न्यूयॉर्कचं घड्याळ लंडनच्या सहसा पाच तास मागे असतं. म्हणून आधी दोन्ही वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत आणा, उन्हाळी वेळेचा (उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तो) तास धरून, आणि मगच वजाबाकी करा.