चेरोकी अक्षरं वाचायला शिकताना

चेरोकी या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या लिपीचा तक्ता उघडला की डी, आर, टी, डब्ल्यू ही रोमन मंडळी ओळखीची वाटतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. इथे डी म्हणजे ‘आ’, आर म्हणजे ‘ए’, टी म्हणजे ‘ई’ आणि डब्ल्यू चक्क ‘ला’. लिपी घडवणारा सेक्वोया चांदीकाम करायचा. इंग्रजी त्याला वाचता येत नव्हतं. छापील पानांवरचे काही आकार त्याने उचलले, उच्चार स्वतःच्या भाषेतले दिले. आधी प्रत्येक शब्दाला वेगळी खूण करून पाहिली, पण खुणा आवरेनात. मग तो शब्दातल्या ‘ला’, ‘गा’ अशा एकेका अक्षराला एक खूण देण्याकडे वळला आणि १८२१ पर्यंत लिपी पुरी झाली.

आधी सहा स्वर पाठ करा: आ, ए, ई, ओ, ऊ आणि नाकातला अँ. तक्त्यात हे सहा रकाने, आडव्या ओळी १३. झाली ७८ घरं. शिवाय का, ता, ते, ती, त्ला, ह्ना, नाह आणि सुटा स् ही आठ जादा. ‘मँ’चं घर आता रिकामं, म्हणून एकूण ८५.

बाराखडीची सवय मात्र इथे आड येते. मात्रा नाहीत, ‘ला’ आणि ‘ली’ दिसायला एकमेकांचे कुणी लागत नाहीत. त्यामुळे ओळी घोकण्यापेक्षा शब्दांतून शिकलेलं बरं. ‘त्सालागी’, म्हणजे चेरोकी, हा शब्द जी, डब्ल्यू, वाय असा दिसतो. ‘आसगाया’ म्हणजे पुरुष: आ, स्, गा, या. यातलं एससारखं अक्षर ‘स्’ नसून ‘गा’ आहे, हे नीट पाहून ठेवा. ‘नाह’ही जीसारखंच दिसतं, तेव्हा ‘त्सा’शी गल्लत करू नका.

गा-का वेगळे, पण ‘गी’ आणि ‘की’ला अक्षर एकच. सूर आणि स्वराची लांबी लिहीतच नाहीत, शेवटचा स्वर बोलताना बरेचदा गिळला जातो. म्हणून नवा शब्द ऐकल्याशिवाय उच्चार पक्का धरू नये.

जुनी हस्तलिखितं सुरुवातीलाच हाती घेऊ नका. त्यांतली वळणं छापील रूपांहून फार वेगळी आहेत. १८२८ साली न्यू एकोटात, म्हणजे चेरोकींच्या तेव्हाच्या राजधानीत, ‘चेरोकी फीनिक्स’ वृत्तपत्र निघालं, ते याच छापील वळणात.

टाइप करताना चेरोकी कीबोर्डच लावा. आयफोनमध्ये तो असतोच. रोमन डी, डब्ल्यू टाकून काम भागवलं तर डोळ्यांना फरक कळणार नाही, पण शोधताना तो शब्द सापडणार नाही.