की() ला पुस्तक सापडेना, तेव्हा आधी डॉट बघा

एका प्रकाशनाच्या पावत्या एक्सएसएलटीने (एक्सएमएल फाइलींना हवं ते रूप देणारी भाषा) छापायच्या होत्या. ऑर्डरच्या एकाच अ‍ॅट्रिब्यूटमध्ये पुस्तकांचे कोड कोंबलेले, ‘१०४ २१७ ३३०’ असे. पुस्तकांची नावं नि किमती त्याच फाइलीत खाली. मी टोकनाइझ() वापरून कोड सुटे केले, त्यावर फॉर-ईच (एकेक घेऊन फिरणारा लूप) फिरवला आणि आत की('पुस्तक', .) लिहिलं. की() म्हणजे कोड देऊन नोंद शोधणारं फंक्शन, आणि डॉट म्हणजे त्या क्षणी हातात असलेली गोष्ट. सॅक्सनने (एक्सएसएलटी चालवणारा प्रोग्राम) एक्सटीडीई१२७० हा एरर तोंडावर मारला. अर्धा दिवस मी की ची व्याख्याच उकरत बसले. ती बिचारी बरोबर होती.

चूक डॉटमध्ये होती. टोकनांवर फिरताना डॉट म्हणजे नुसता मजकूर. तो कुठल्या डॉक्युमेंटातला, याचा पत्ता नाही. आणि दोन आर्ग्युमेंटवाली की() कुठे शोधायचं हे डॉटवरूनच ठरवते. म्हणून फॉर-ईचच्या बाहेर $मूळ नावाच्या व्हेरिएबलमध्ये ‘/’ धरून ठेवा आणि आत की('पुस्तक', ., $मूळ) लिहा. हे तिसरं आर्ग्युमेंट २००७ च्या २.० आवृत्तीपासून मिळतं.

त्याच फॉर-ईचमध्ये की() ऐवजी ‘//पुस्तक’ लिहिलंत तर एक्सपीटीवाय००२० येईल, दुखणं तेच. एक्सपीडीवाय०००२ दिसला तर डॉटच नाही. बहुतेक वेळा तुम्ही एक्सएसएल:फंक्शनच्या आत असता. फंक्शनला बाहेरचा डॉट मिळत नाही, नोड (एलिमेंट, अ‍ॅट्रिब्यूट असा एक्सएमएलमधला एखादा घटक) पॅरामीटर म्हणून हातात द्यावा लागतो. एक्सपीडीवाय००५० जरा फसवा आहे: नोड असतो, पण त्याच्या मुळाशी डॉक्युमेंट नसतं. व्हेरिएबलमध्ये नवे एलिमेंट बनवून वर ‘अ‍ॅज’ या प्रकार सांगणाऱ्या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये एलिमेंट() लिहिलं की हे होतं. तो ‘अ‍ॅज’ काढून टाका, डॉक्युमेंट आपोआप तयार होतं.

शंका आली तर फॉर-ईचच्या पहिल्याच ओळीत एक्सएसएल:मेसेज टाकून ‘. इन्स्टन्स ऑफ नोड()’ छापून बघा. फॉल्स आलं की पुढचं शोधायची गरज नाही.

एक्सएसएलटीच्या जुन्या १.० आवृत्तीत मात्र ही आरडाओरड नाही, आणि खरा ताप तिथेच. किमती दुसऱ्या फाइलीत असतील तर की() आपल्याच फाइलीत शोधते आणि गुपचूप रिकामी परतते. तिथला जुना उपाय: कोड आधी $कोड मध्ये ठेवा, मग डॉक्युमेंट('किमती.एक्सएमएल') ला फॉर-ईच लावून आत शिरा आणि तिथून की('पुस्तक', $कोड) मागा. एका नोडसाठी फॉर-ईच! दिसायला विचित्र, पण चालतं.

की न वापरता मी एकदा ‘//पुस्तक[@कोड = @कोड]’ लिहिलं होतं. चौकटी कंसात डॉट पुस्तकावर सरकतो, त्यामुळे प्रत्येक पुस्तक स्वतःशीच जुळलं. एक्सएसएलटीप्रॉकने (१.० चालवणारा प्रोग्राम) एरर न देता सगळ्या ओळींवर पहिल्या पुस्तकाची किंमत छापली. उजवीकडे ‘करंट()/@कोड’ हवं होतं. पावत्या तोवर गेल्या होत्या.