संगणकाने सुचवलेला संश्लेषण-मार्ग: या चुका टाळा

औषध-संशोधनात रेट्रोसिंथेसिसची, म्हणजे हव्या असलेल्या रेणूपासून उलटं मागे जात तो बनवण्याचा मार्ग शोधणारी, सॉफ्टवेअर आता रोजच्या वापरातली झाली आहेत. 1969 मध्ये रसायनशास्त्रज्ञ कोरी आणि विप्के यांनी संगणकाला या कामाला जुंपलं. आज एआयझिंथफाइंडरसारखं साधन कुणालाही मोफत मिळतं. तरी स्क्रीनवर मार्ग ‘सुटला’ असं दिसताच रसायनं मागवायला घेणं, ही चूक मला सगळ्यात महाग वाटते. सॉफ्टवेअरने बहुतेकदा एवढंच पाहिलेलं असतं की शेवटच्या टोकाचे, म्हणजे ज्यांपासून सुरुवात करायची ते, सगळे रेणू साठ्याच्या (तयार मिळणाऱ्या रेणूंच्या) यादीत आहेत. फ्लास्कमध्ये काय होईल, ते तुम्हालाच पाहायचं आहे.

म्हणून प्रत्येक पायरी पुढच्या दिशेने वाचा. समजा, अल्डिहाइडवर ग्रिन्यार्ड अभिकारक (कार्बन-मॅग्नेशियमचं संयुग) घालायची पायरी सुचवली आहे आणि त्याच रेणूत एक मोकळा ओएच गट आहे. अभिकारक आधी त्या गटाचा प्रोटॉन ओढणार आणि तिथेच खर्ची पडणार. कधी जास्तीचा अभिकारक घालून भागतं. नाहीतर ओएच झाकायला त्यावर सिलिल (सिलिकॉनचा) गट चढवा आणि नंतर काढा, म्हणजे दोन पायऱ्या वाढल्या. दर पायरीला 80 टक्के यील्ड धरलं, तर तीन पायऱ्यांअखेर 51 टक्के हाती येतं, पाच पायऱ्यांअखेर 33. कागदावरचा छोटा मार्ग असा लांबतो. यात मॉडेलचा फारसा दोष नाही. ते बरेचदा अमेरिकन पेटंटमधल्या अभिक्रियांवर शिकलेलं असतं, आणि फसलेल्या अभिक्रिया पेटंटमध्ये क्वचितच छापल्या जातात.

आता उलट अडचण: साधा रेणू, तरी मार्गच सापडत नाही. शोधाची वेळ वाढवण्याआधी साठ्याची यादी तपासा. रेणू इंचीकीने, म्हणजे रचनेवरून बनणाऱ्या सांकेतिक खुणेने, जुळवले जात असतील, तर हायड्रोक्लोराइड क्षार म्हणून विकलं जाणारं अमाइन मोकळ्या अमाइनशी जुळत नाही. बाटली कपाटात असते आणि प्रोग्रॅम ‘नाही’ म्हणतो. यादीतले क्षार काढून पुन्हा चालवा. पुष्कळदा गाडी तिथेच अडलेली असते. लक्ष्य रेणूही क्षाराविना द्या.

स्माइल्समध्ये (रेणूची रचना अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत) किरल केंद्राची, म्हणजे रेणू डावा की उजवा हे ठरवणाऱ्या अणूची, खूण द्यायची राहून गेली, तर रेसिमिक, म्हणजे दोन्ही रूपांच्या निम्म्या-निम्म्या, मिश्रणाचा मार्ग मिळेल. शेवटी ही आरशातली प्रतिरूपं वेगळी करताना निम्मा माल जातो.

आणखी एक चूक सहज नजरेतून सुटते: सगळ्यात छोटा मार्गच निवडणं. मेडिसिनल केमिस्टला एक रेणू क्वचितच हवा असतो. त्याला त्या रेणूची वीस भावंडं, म्हणजे थोड्या फरकाचे रेणू, हवी असतात. अमाइनचा तुकडा पहिल्याच पायरीत जोडणारा चार पायऱ्यांचा मार्ग प्रत्येक भावंडासाठी मुळापासून करावा लागतो. तोच तुकडा शेवटच्या अमाइड कपलिंगला (आम्ल आणि अमाइन जोडणाऱ्या अभिक्रियेत) जोडता येत असेल, तर सहा पायऱ्यांचा मार्ग घ्या. पाचव्या पायरीचं आम्ल एकदाच भरपूर करून ठेवायचं, आणि मग हवं ते अमाइन लावायचं.