लिलावात कुणाची नजर न गेलेलं जुनं घड्याळ कसं हुडकायचं

जुन्या घड्याळांच्या ऑनलाइन लिलावात बहुतेकजण कंपनीचं नाव टाकून शोधतात, ओमेगा नाहीतर रोलेक्स, आणि तिथं आधीच पन्नास जण टपून बसलेले असतात, मग स्वस्तात काय मिळणार. मी 'जुनी घड्याळं ५ नग', 'चालू की बंद माहीत नाही' असले लॉट, म्हणजे एका बोलीत एकत्र विकायला ठेवलेला माल, आधी उघडतो, कारण लिहिणाऱ्यालाच कळलेलं नसतंय आपण काय विकतोय. चुकीचं स्पेलिंग टाकूनही शोधा, त्यात लई मिळतंय.

मागच्या वर्षी असाच एक लॉट दिसला, फोटो एकदम ब्लर, पाच घड्याळं एकावर एक टाकलेली, पण झूम करून बघितलं तर एका डायलवर बाराच्या खाली वाळूच्या घड्याळाचं चिन्ह, म्हणजे फावर ल्युबा. १७३७ पासूनची स्विस कंपनी, भारतात १८६५ सालीच आली, त्यामुळं आपल्याकडं जुन्या घरांत ही घड्याळं अजून निघतात. विकणाऱ्याला विनंती केली की मागचं झाकण उघडून मशीनचा फोटो पाठवा. मशीनवर कंपनीचं नाव होतं आणि गंज कुठंच नव्हता. पाचही मिळून ३,८०० ला सुटली, त्यात दोन एचएमटी जनता पण निघाल्या.

मशीनचा फोटो मागितल्याशिवाय बोली लावू नकाच. पण त्याआधी डायल, कारण खरी किंमत तिथंच असते. पुन्हा रंगवलेले डायल बाजारात भरपूर फिरतात, अक्षरं जाड, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी न जुळणाऱ्या, स्विस घड्याळ असेल तर खाली सहापाशी 'स्विस मेड' गायब नाहीतर वाकडं, रंग एकदम भडक. त्यापेक्षा थोडा पिवळा पडलेला, डाग असलेला ओरिजिनल डायल कधीही घ्या. फक्त ओल शिरलेली नको, आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या घड्याळात काट्यांच्या मुळाशी गंज दिसतो, तो नीट बघा. सेको असेल तर डायलच्या तळाशी एकदम बारीक नंबर असतो, त्यातले पहिले चार आकडे आणि झाकणावरचे पहिले चार आकडे सारखे पाहिजेत, नसतील तर दोन घड्याळांचं एक केलेलं असण्याची शक्यता जास्त.

'सोनेरी घड्याळ' एवढंच लिहिलं असेल तर झाकणाच्या आतला शिक्का मागा. ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४. झाकणावर 'स्टेनलेस स्टील बॅक' असेल तर वरची केस, म्हणजे घड्याळाची बॉडी, बहुतेक वेळा मुलाम्याचीच. शिक्का खरा वाटला तरी घड्याळ हातात आल्यावर सराफाकडं, आमच्या कोल्हापुरात म्हणजे गुजरीत, एकदा तपासून घ्या.

पैशाचं गणित आधी कागदावर मांडा. समजा बोली १०,००० ला थांबली, प्रीमियम, म्हणजे लिलाववाल्यांचं कमिशन, २० टक्के, म्हणजे १२,००० झाले, वर जीएसटी, कुरिअर, परदेशातून असेल तर कस्टम, आणि सर्व्हिसिंग वेगळंच. एकूण जेवढे पैसे घालायची तयारी आहे त्यातनं हे सगळे वरचे खर्च वजा करून जो आकडा उरतो तोच तुमचा शेवटचा आकडा. सुरुवातीला बोली लावून लॉटकडं लोकांचं लक्ष वेधू नका, शेवटच्या मिनिटात लावा, आणि आकडा पार झाला की सोडून द्या, पुढच्या आठवड्यात दुसरा लॉट येतोच.

घड्याळ घरी आलं की लगेच चावी देत बसू नका, आत तेल वाळलेलं असतंय, कोरड्या मशीनचे भाग झिजतात. मी थेट महाद्वार रोडच्या बोळातल्या घड्याळवाल्या काकांकडं नेतो, ते आधी उघडून बघतात मग बोलतात. काट्यांवर जुना रेडियम असेल तर ते घड्याळवाल्याला आधीच सांगा आणि घरी खरवडू नका, ती पूड नाकातोंडात जाणं धोक्याचं आहे.