अचलपूर ते धूळघाट: जुन्या रेल्वेखुणांचा घाटरस्ता

सकाळी अचलपूरच्या स्थानकापासून निघावे. मूर्तिजापूरहून येणारा ‘शकुंतला’ या अरुंद रुळांच्या रेल्वेचा मार्ग येथेच संपतो आणि त्याच्या दोन रुळांमधले 762 मिलिमीटरचे अंतर जेमतेम एका ढांगेत ओलांडता येते. परतवाड्यात टाकी भरून घटांग, सेमाडोह, हरिसालमार्गे धारणी गाठावी. पावसाळ्यात सातपुडा देखणा दिसतो खरा, पण धुक्यात वळणे दिसत नाहीत, म्हणून मी हिवाळाच सुचवेन. धारणीच्या दक्षिणेस धूळघाटाजवळ अकोला–खंडवा मीटरगेज मार्ग, चढ सुसह्य व्हावा म्हणून, डोंगराला वळसा घालून स्वतःच्याच रुळांवरून पुलाने पलीकडे जात असे; आता तो बंद आहे. ‘चार का आकडा’ म्हणतात तो हाच. परिसर व्याघ्रप्रकल्पाचा असल्याने वनविभागाला विचारल्याशिवाय या जुन्या मार्गाच्या कडेने जंगलात पायी शिरू नये.