सिलिंडरमध्ये गॅस किती उरलाय, हे कसे ओळखावे

सगळ्यात खात्रीचा मार्ग वजनाचा. रिकाम्या टाकीचे वजन वरच्या कड्याखालच्या पट्टीवर लिहिलेले असते. रेग्युलेटर काढा, टाकी काट्यावर ठेवा, वजाबाकी करा. पट्टीवर १५.९ आणि काट्यावर २१.४ असेल, तर साडेपाच किलो गॅस आहे. भरलेल्या घरगुती टाकीत तो १४.२ किलो असतो.

काटा नसेल तर ओले फडके. पण भलत्या वेळी फिरवले तर काहीच कळत नाही. भरपूर स्वयंपाक झाल्या झाल्या करा. आतला द्रव उकळून वायू होताना उष्णता स्वतःतूनच घेतो, म्हणून द्रवाला चिकटलेला पत्रा गार पडतो. फडके वरून खाली एकदाच फिरवा आणि थांबा. वरचा भाग आधी सुकतो. जिथून खाली ओल टिकून राहते, ती द्रवाची पातळी. तिथे खडूने रेघ मारा. पावसाळी दमट हवेत ओल कुठेच लवकर सुकत नाही, तेव्हा या रेघेवर विसंबू नका.

ज्योतीवरून मात्र अंदाज बांधूच नका. आत थोडा जरी द्रव शिल्लक असला तरी टाकीतला दाब तापमानावर ठरतो, उरलेल्या गॅसवर नाही. अर्धी टाकी आणि पाव टाकी, दोन्हींचा दाब जवळपास सारखाच. म्हणून ज्योत शेवटपर्यंत छान चालते आणि मग एकदम बसते. थंडीत दाब उतरतो, तेव्हा गॅस असूनही ती मंदावू शकते.

अशा वेळी कोणीतरी सांगतेच, टाकी गरम पाण्याच्या परातीत ठेवा. अजिबात ठेवू नका. तापमान वाढले की दाब झपाट्याने वाढतो, आणि हा द्रव पाण्याच्या कितीतरी पट जास्त फुगतो. त्यासाठीच टाकी काठोकाठ भरत नाहीत, वर जागा सोडतात. ती जागा द्रवाने भरली, तर पुढचा सगळा ताण पत्र्यावर येतो. आत नेमके किती उरलेय हे माहीत नसताना तापवणे म्हणजे आंधळा धोका.

टाकी आडवी करणे त्याहून वाईट. वायूऐवजी द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो, आणि एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. शेगडीवर ज्योत अचानक भडकते.

दोनेक किलो उरले की नवीन टाकी नोंदवा.